लहान पिल्लाला कच्चं मांस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ते सहा महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणि त्याच्या पुढ्यात कच्चं मांस, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरं आहेत. मोठ्या कुत्र्याचा हिशेब वेगळा. विचारणारे लातूर, परभणी, नांदेड, बीडकडचे, म्हणून उत्तरंही इथला खाटीक, इथलं ऊन आणि इथली लाइट धरूनच दिली आहेत.

सरळ सांगा, कच्चं द्यायचं का नाही?

सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला पूर्ण कच्च्यावर ठेवू नका. मांस द्यायला हरकत नाही, पण उकडून. आणि कच्चं की शिजलेलं यावर डोकं लावण्याआधी हाडाचा, म्हणजे कॅल्शियमचा, हिशेब बघा. आपल्याकडं ताटभर चिकन खाणारी पिल्लं लंगडी होतात, पुढचे पाय वाकडे होतात, ती मांस कच्चं होतं म्हणून नव्हे. नुसतं मांसच होतं, म्हणून. तेच मांस शिजवून घातलं असतं तरी तेच झालं असतं.

हे ‘बार्फ’ म्हणजे नक्की काय, आणि आलं कुठून?

ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ च्या सुमारास ही पद्धत लोकांपुढं मांडली. कच्चं मांस, कच्ची मऊ हाडं, कलेजीसारखे अवयव आणि थोडा भाजीपाला, असा तो बेत. तिकडं हे मांस बहुतेक वेळा तपासलेलं, हाडासकट दळलेलं, गोठवून पाकिटात आलेलं असतं. तरीही अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०१२ मध्ये कच्चं मांस न देण्याच्या बाजूनं धोरण जाहीर केलं, कारण जंतू. आपल्याकडं मोबाइलवर व्हिडिओ बघून जे सुरू होतं, त्यात दळलेलं हाडही नसतं आणि तपासणीही नसते. राहतं फक्त पाव किलो बोनलेस.

लांडगा कुठं शिजवून खातो? कुत्रं त्याच्याच जातीचं ना?

लांडगा बोनलेस खात नाही. तो ससा धरला की हाडं, कलेजी, आतडी, केस, सगळं गिळतो. म्हणजे त्याचं कॅल्शियम त्याच्या शिकारीतच असतं. शिवाय लांडग्याची किती पिल्लं वर्षाच्या आत मरतात, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.

दुसरं असं, की कुत्रं माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगलंय आणि त्याचं पोटही तसं बदललंय. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की पिष्ट पचवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त प्रतींत असतं. त्यामुळं ‘भाकर म्हणजे कुत्र्याला विष’ हे म्हणणं चूक. शिजलेली ज्वारी कुत्र्याला पचते. तिच्यात काय नाही, हा वेगळा प्रश्न.

मी रोज पाव किलो बोनलेस चिकन देतो. पिल्लू गुबगुबीत आहे, चमकतंय. मग बिघडतं काय?

आकडे बघा. तीन किलोचं, अडीच महिन्यांचं पिल्लू धरा. त्याला दिवसाला साधारण ४८० कॅलरी लागतात आणि कॅल्शियम लागतं जवळपास १४०० मिलिग्रॅम. तीनशे ग्रॅम बोनलेस चिकनमधून कॅल्शियम मिळतं तीस-चाळीस मिलिग्रॅम. हो, तीस-चाळीसच. फॉस्फरस मात्र त्याच मांसातून साडेपाचशे-सहाशेच्या घरात जातो. पिल्लाला हे दोन्ही लागतात आणि प्रमाणात लागतात: कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त, सव्वा-दीड पट. नुसत्या मांसात ते उलटं होतं, फॉस्फरस पंधरा पट.

रक्तातलं कॅल्शियम घसरून चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग शरीर गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथींमार्फत हाडांमधलं कॅल्शियम खरवडून रक्तात आणतं. वरून पिल्लू झकास दिसतं, कारण प्रथिनं आणि चरबी भरपूर मिळतेय. आतून हाड पोकळ होत जातं. तीन-चार आठवड्यांनी दिसायला लागतं: उठताना कण्हतं, जिना चढायचं टाळतं, पुढचे पंजे बदकासारखे पसरतात, उचलून घेतलं की ओरडतं. आणि एक दिवस बाजेवरून उडी मारतं आणि मांडीचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, ‘एवढ्याशा उडीनं?’ एक्स-रेत ते हाड काचेसारखं फिकट दिसतं.

लवकर लक्षात आलं तर बहुतेक पिल्लं सावरतात. त्यासाठी आहार सुधारणं आणि काही आठवडे उड्या मारू न देणं, एवढं करावं लागतं. वाकडं होऊन भरून आलेलं हाड मात्र तसंच राहतं.

मग दूध देतो की वाटीभर. त्यात कॅल्शियम असतंच.

असतं, पण गाईच्या शंभर मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. वरचा १४०० चा आकडा गाठायला लिटरभराहून जास्त दूध पाजावं लागेल. म्हशीच्या दुधात थोडं जास्त असतं, पण ते दाट, आणि दोन वाट्यांतच पिल्लाला ढाळ लागते. चमचा-दोन चमचे दही किंवा ताक चालतं. त्याला औषध समजू नका.

अंड्याचं टरफल?

एका टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे वरच्या पिल्लाला पाऊण टरफल पुरतं. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं, कडक वाळवायचं, मिक्सरमधून मैद्यासारखं काढायचं. बोटांना रवाळ लागलं तर परत फिरवायचं.

पण एक अडचण राहते. टरफलात फॉस्फरस जवळपास नाही, आणि वाढत्या पिल्लाला मांसातून मिळतो त्याच्या दुप्पट फॉस्फरस लागतो. हाडात दोन्ही असतात, टरफलात एकच. म्हणून मोठ्या कुत्र्याला टरफलाची पूड भागते, पिल्लाला अर्धवट पुरते. इथं पशुवैद्याकडून वजनाप्रमाणं डायकॅल्शियम फॉस्फेट किंवा कुत्र्यांसाठीची निर्जंतुक हाडांची भुकटी लिहून घ्यावी लागते. गुलाबाच्या कुंडीत घालायचा बोनमील नको, आणि गोठ्यातलं मिनरल मिक्श्चर चिमूटभर टाकायचा मोहही आवरा. त्यातली मापं गाई-म्हशींची आहेत.

आमच्या जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत म्हणून दुकानदारानं कॅल्शियमचं सिरप दिलंय. रोज किती चमचे?

शून्य, जर ते पिल्लांचं तयार खाद्य खात असेल तर. कान उभा राहतो तो कूर्चेमुळं. दात यायच्या दिवसांत तो कधी उभा कधी पडलेला दिसतो, आणि बहुतेकांचा दात येऊन झाले की सावरतो. सिरपचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम कमी पडण्याइतकंच नडतं. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आतड्यातून येणारं जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही. सांधे आणि हाडांची टोकं वेडीवाकडी वाढतात. सिरप विकत घेऊन आजार घरी आणायचा हा प्रकार आपल्याकडं सर्रास चालतो, आणि त्याचा राग येतो.

रोज सकाळी उन्हात बांधतो. ड जीवनसत्त्व मिळतंच ना?

माणसाला मिळतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही. त्याला ते खाण्यातूनच लागतं: अंड्याचा बलक, कलेजी, मासे, किंवा तयार खाद्य. पिल्लाला उन्हात बांधून फक्त उन्ह लागतं.

किती द्यायचं आणि दिवसातून किती वेळा?

दोन ते तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. मांस-भाजी-भाकरीचं ओलं खाणं असेल तर दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला वजनाच्या आठ ते दहा टक्के दिवसभरात, चार-पाच महिन्यांत सहा ते आठ टक्के. तीन किलोच्या पिल्लाला म्हणजे अडीचशे ते तीनशे ग्रॅम, चार भागांत. दर आठवड्याला वजन करा आणि माप बदला. किराणा दुकानातल्या काट्यावर गोणपाटात गुंडाळून वजन करणारे लोक आहेत. उत्तम पद्धत आहे, दुकानदार ओळखीचा हवा.

पोट टम्म दिसलं म्हणजे पिल्लू सुदृढ, हे खरं नाही. बरगड्यांवर हात फिरवला तर त्या बोटांना जाणवल्या पाहिजेत, डोळ्यांना उठून दिसू नयेत. जेवल्यावर पाच मिनिटांत पोट नगाऱ्यासारखं आणि बाकी अंग काटकुळं, तर जंत आहेत.

खाटीक कलेजी, फोप्सा, वजडी फुकट देतो. कच्चं टाकलं तर?

कच्चं अजिबात नको. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत आणि फोप्शात कधीकधी पांढरट, पाण्यानं भरलेले फोड असतात, हरभऱ्याएवढे ते लिंबाएवढे, क्वचित मोठेही. ते एका फीतकृमीचं पिल्लू-रूप असतं. कुत्र्यानं तो फोड कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात अळ्यांचे बारीक कृमी होतात. कुत्र्याला फारसं काही होत नाही, ते खेळतं-बागडतं. त्याच्या शिटेतून अंडी बाहेर पडतात, केसांना चिकटतात, अंगणात पसरतात. लेकरू कुत्र्याला कुरवाळून तसंच बोट तोंडात घालतं, आणि काही वर्षांनी त्याच्या लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात तसाच फोड वाढलेला सोनोग्राफीत दिसतो. याला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. त्याचं ऑपरेशन करावं लागतं, आणि तेही जपून, फोड आत फुटू न देता.

असा फोड दिसला तर तो अवयव उकिरड्यावर फेकू नका, गल्लीतली कुत्री खातील. जाळा किंवा खोल पुरा. फोड दिसला नाही तरी कलेजी-फोप्सा अर्धा तास खळखळ उकडूनच द्या. कलेजी उकडूनसुद्धा थोडीच, एकूण खाण्याच्या पाच टक्के. तीन किलोच्या पिल्लाला रोज अंगठ्याएवढा तुकडा. जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साठत जातं आणि हाडांनाच त्रास देतं. वजडी स्वच्छ धुऊन, उकडून चांगली.

आम्ही धनगर. पिल्लू मेंढरामागं असतं. मेंढरू मेलं की मुंडी कुत्र्यांनाच जाते.

मेंढरू गरगर फिरून, मान एका बाजूला टाकून मेलं असेल तर त्याच्या मेंदूत फोड असतो. ती मुंडी कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या पोटात फीतकृमी होतो, त्याची शीट चाऱ्यावर पडते, आणि पुढचं मेंढरू फिरायला लागतं. हे चक्र कुत्र्यामार्फतच चालतं. मुंडी पुरली आणि कळपातल्या सगळ्या कुत्र्यांना पशुवैद्याच्या सल्ल्यानं प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध वेळच्या वेळी दिलं, तर मेंढरंच वाचतात. साध्या जंताच्या सगळ्या औषधांत प्राझिक्वांटेल नसतं. पाकिटावर बघून घ्या.

पिल्लाला जंताचं औषध केव्हा?

दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. कच्चं खात असेल तर यात सूट नाही.

पोल्ट्रीवर मेलेली पिलं-कोंबड्या असतात. त्या दिल्या तर?

देऊ नका, शिजवूनही नका. मेलेला पक्षी कशानं मेला हे तुम्हाला माहीत नसतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. बर्ड फ्लूची लागण झालेलं बदक खाऊन कुत्रं दगावल्याची नोंद थायलंडमध्ये २००४ साली झालेली आहे. कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात कळवा. कुत्री तिकडं फिरकू देऊ नका.

चिकनवाल्याकडची मान, पंजे, आतडी?

आतडी नको, तिथंच सगळ्यात जास्त जंतू असतात. पंजे नखं काढून, खूप वेळ उकडून, हाड बाजूला करून द्या. आता मान. बार्फवाल्यांची ही लाडकी वस्तू. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचाच असतो, त्यामुळं त्याचं हाड कच्चं असताना मऊ असतं, हे खरं. गावरान कोंबडीचं तसं नसतं. पण मेलबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की कच्चं चिकन, विशेषतः मान, खाणाऱ्या कुत्र्यांत मागच्या पायांपासून सुरू होणाऱ्या एका लकव्याचा धोका बराच वाढतो. त्याचा संबंध त्यांनी कच्च्या कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूंशी जोडला. मला तरी एका मानेसाठी एवढा जुगार परवडणारा वाटत नाही.

हाड तर कुत्र्याचंच खाणं. शिजलेलं दिलं तर?

शिजलेलं हाड कच्च्यापेक्षा वाईट. ते कडक होतं आणि सुरीसारखं चिरतं. घशात, आतड्यात टोचतं. नळीचं हाड, कच्चं असो की शिजलेलं, पिल्लाचे दात मोडतं. दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि ते चपलांवर उठतं. ओला फडका पिळून, गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि चघळायला द्या, चपला वाचतील. फक्त जवळ बसून द्या, फडक्याचे तुकडे गिळू देऊ नका.

कुकरला तासभर लावून ब्रॉयलरची हाडं चिमटीत पिठासारखी होतात, ती कुस्करून घालणारे लोक आहेत. एकही कडक कण उरला नसेल तर ते गिळायला धोक्याचं नाही. पण त्यातून कॅल्शियम किती गेलं, याचा अंदाज लागत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

फ्रीजरला ठेवलं की जंतू मरतात म्हणे?

झोपतात. मांस वितळलं की उठतात. सालमोनेला, ई-कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर यांना गोठवून पुरतं मारता येत नाही. काही कृमींचे फोड उणे अठरा अंशांत आठ-दहा दिवस सलग राहिले तर मरतात, पण सलग म्हणजे सलग. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा, आणि त्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी चार तास लाइट गेलेली: ते मांस मधेच सुटतं, परत आखडतं. बर्फाच्या कडेनं लाल पाणी साठून गोठलेलं दिसलं तर समजा, ते एकदा वितळून गेलंय.

बाहेर ४२-४४ अंश असताना दुकानात माशांखाली तास-दोन तास पडलेलं चिकन घरी येईपर्यंतच खराब व्हायला लागलेलं असतं. उन्हाळ्यात सकाळी डोळ्यांसमोर कापून घ्यायचं, घरी येऊन थेट पातेल्यात टाकायचं. संध्याकाळचं उरलेलं स्वस्त मिळतं, ते कुणालाच स्वस्त पडत नाही.

कच्चं अंडं तरी?

उकडून द्या. कच्च्या पांढऱ्यात बायोटिन अडवणारं एक प्रथिन असतं, आणि टरफलावरचे जंतू वेगळेच. तीन किलोच्या पिल्लाला दिवसाआड एक उकडलेलं अंडं चालतं.

गोदावरीचे, तलावाचे मासे?

रोहू, कटला, मरळ, काहीही असो, शिजवून आणि काटे काढून. रोहू-कटल्यासारख्या माशांत कच्चे असताना बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. रोज कच्चे खाल्ले तर पिल्लू धडपडायला लागतं, झटके येतात. शिजवलं की ते विकर निकामी होतं.

कच्चं मांस खाऊन कुत्रं खुनशी होतं, रक्ताची चटक लागते, खरं का?

नाही. चावरेपणा येतो तो वळण न लावल्यानं, सतत बांधून ठेवल्यानं, मारल्यानं. कोंबडीमागं पळणारं कुत्रं वरण-भात खाऊनही पळतं. पण अंगणात कोंबडीची पिसं-आतडी फेकून ती खाऊ दिली, तर पुढं जिवंत कोंबडी धरली म्हणून तक्रार करायला जागा राहत नाही.

घरात रांगतं बाळ आहे.

मग कच्चं मांस नकोच. पिल्लू मांस खातं, तेच तोंड बाळाच्या हाताला लावतं. सालमोनेला पोटात असूनही पिल्लू ठणठणीत दिसू शकतं आणि शिटेतून जंतू टाकत राहतं. गरोदर बाई, म्हातारी माणसं, किमोथेरपी चालू असलेलं कुणी घरात असेल तर तेच उत्तर.

श्रावणात आमच्याकडं महिनाभर घरात मांस येत नाही. पिल्लाचं काय?

महिनाभर एकदम वरण-भातावर टाकू नका. श्रावण लागायच्या आठ-दहा दिवस आधीपासून थोडंथोडं करत पिल्लांच्या तयार खाद्यावर आणा. त्यात कॅल्शियम-फॉस्फरस मोजून घातलेलं असतं आणि घरात कुणाला वासही येत नाही. अंडंही चालत नसेल तरी याच्यावर पिल्लू व्यवस्थित वाढतं. पाकिटावर ‘पिल्लांसाठी’ लिहिलेलं पाहिजे. मोठ्या कुत्र्यांचं स्वस्त पडतं म्हणून ते आणू नका. खरं सांगायचं तर हिशेब करायचा कंटाळा असणाऱ्यांनी बारा महिने हेच करावं, आणि वरून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढं उकडलेलं चिकन किंवा अंडं घालावं. यात वेगळं कॅल्शियम लागत नाही.

कंदुरीच्या जेवणाचं उरलेलं?

तेल-तिखटाचा रस्सा आणि मटणाची शिजलेली हाडं, पिल्लासाठी याहून वाईट ताट शोधूनही सापडायचं नाही. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तेलकट जेवणानं स्वादुपिंडाला सूज येते. कार्यक्रमाच्या दिवशी पिल्लू बांधून ठेवा, कारण तुम्ही नाही दिलं तरी पाहुणे देतातच. जाता जाता: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विषारी आहेत. जालन्याच्या कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावात हे लेकरांना सांगून ठेवलेलं बरं.

कारवान, पश्मी ही तर आपल्या लातूर-नांदेडकडची कुत्री. जुनी माणसं त्यांना कच्चं घालायची ना?

रानात ससा धरला तर ते खायचं, पण रोजचं खाणं ज्वारीची भाकर, कण्या, दूध-ताक, कधी अंडं असंच होतं. हाउंड जातीचं पिल्लू मुळात सडपातळ असतं. त्याला लॅब्रॅडॉरसारखं गोल करायला जाऊ नका. लांब नळ्यांचे पाय असल्यामुळं हाडाचा हिशेब चुकला तर या पिल्लांत तो चटकन दिसतो.

सगळं वाचलं. तरी मला कच्चंच द्यायचंय.

बरं. मग निदान एवढं करा. पिल्लू सोळा आठवड्यांचं होऊन लसी पूर्ण होईपर्यंत थांबा. आठवड्याभराचा बेत कागदावर मांडून परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा आणि कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, आयोडिन, ई जीवनसत्त्व कुठून येणार ते विचारा. फक्त डोळ्यांसमोर कापलेला ब्रॉयलर किंवा ताजं बोकडाचं मांस आणा, अवयव उकडूनच द्या. डुकराचं कच्चं मांस नको. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. भांडं स्टीलचं आणि वेगळं, जागा फरशीवर ठरलेली, वीस मिनिटांत उरलेलं उचलायचं, साबणानं धुवायचं. घरातल्या विळीवर ते मांस कापू नका.

शीट बघून काय कळतं?

पांढरी, खडूसारखी भुगा होणारी: हाड जास्त झालं, कुंथतंही. काळी, डांबरासारखी: कलेजी जास्त, नाहीतर आत रक्तस्राव, दोन्हींत दाखवा. एखादं दिवस पातळ आणि पिल्लू खेळतंय, तर एक वेळचं कमी करून मऊ भात आणि उकडलेलं चिकन.

उलट्या होतायत. मांस बाधलं असेल, उद्या बघू?

उद्या नको. सहा ते सोळा आठवड्यांच्या पिल्लाला उलट्या, मलूलपणा आणि घाण वासाची रक्ताळ शीट दिसली, तर आधी पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, समजायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘काल मटण दिलं होतं, त्यानं बाधलं’ म्हणत एक दिवस घालवलेली पिल्लं सलाइन लावूनही जातात. एवढं लहान पिल्लू उपाशी राहिलं तर रक्तातली साखरही झपाट्यानं उतरते. लसीचं कार्ड, शेवटचं जंताचं औषध कधी दिलं ते, आणि मागच्या दोन दिवसांत काय खाल्लं याची यादी सोबत न्या. शिटेचा थोडा नमुना झाकणाच्या डबीत घेतला तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.